हरलेल्या शर्यतीचा अभियंता



इतिहासावरील व्याख्यानाला येताना आपण लढाया, तह आणि गाद्यांचे तंटे ऐकावयास मिळतील अशी अपेक्षा मनात धरून येता, हे आम्हांस ठाऊक आहे. आज आम्ही ज्या झुंजीची हकीगत सांगणार आहोत ती २ जुलै १९२३ रोजी फ्रान्समधील तूर शहराजवळच्या रस्त्यांवर झाली. ती मोटारींची शर्यत होती. तीत शेवटपर्यंत टिकल्या त्या अवघ्या पाच मोटारी, आणि आमचा नायक त्या पाचांत पाचवा आला. पहिल्या आलेल्याने रेषा ओलांडल्यानंतर तब्बल सव्वा तासाने त्याने ती ओलांडली. पाचांत पाचव्या आलेल्या माणसावर तासभर बोलावयास उभे राहणे हे धाडस आहे खरे. पण ते आम्ही समजून उमजून करीत आहो.

त्या माणसाचे नाव आंद्रे लफेव्र. ज्या मोटारीत बसून तो हरला ती त्यानेच कागदावर आखली होती, त्याच्याच देखरेखीखाली ती बांधली गेली होती. तिच्या आकारात एक विचार होता. तो विचार त्या दिवशी पराभूत झाला, आणि बरोबर ३२ वर्षांनी पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात एका दिवसात सुमारे १२ हजार लोकांनी त्यावर आपले नाव नोंदवले. मध्यंतरी त्या विचाराचे काय झाले, तो कोणकोणत्या दारांवर थांबला, कोठून हाकलला गेला, आणि तो ज्याच्या डोक्यात होता त्याचे नाव लोकांना का कळले नाही, एवढेच आम्हांला आज पाहावयाचे आहे.

लफेव्रचा जन्म १९ ऑगस्ट १८९४ चा. गाव पॅरिसच्या उत्तरेस, लूव्र नावाचे. पॅरिसच्या प्रसिद्ध संग्रहालयाशी त्याचा संबंध नाही, केवळ कानाला तसे वाटते. शिक्षण त्याने घेतले ते मोटारविद्येचे नव्हते. १९०९ मध्ये पॅरिसला विमानविद्येची एक उच्च शाळा निघाली होती. तेथे तो शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सारे आयुष्यभर त्याने मोटारी केल्या, पण त्या विमान बांधणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्या. १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, तो गाब्रिएल व्वाझँ याच्या कारखान्यात लागला.

हा व्वाझँ कोण, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो आणि त्याचा धाकटा भाऊ शार्ल हे विमानांच्या अगदी पहिल्या कारखानदारांपैकी. १३ जानेवारी १९०८ रोजी हेन्री फार्मन याने पॅरिसजवळ इसी-ले-मुलिनो येथील मैदानावर एक किलोमीटरचे वर्तुळ उडून पुरे केले आणि ५० हजार फ्रँकांचे बक्षीस मिळवले, ते विमान व्वाझँ बंधूंनी बांधलेले होते. १९१२ मध्ये शार्ल मोटारीच्या अपघातात गेला. थोरल्याने पुढे मोटारी काढल्या तेव्हा प्रत्येक नमुन्याच्या नावाआधी शार्लचे आद्याक्षर लावले. ज्या वाहनाने भाऊ नेला त्याच वाहनावर भावाचे नाव कोरणारा हा मनुष्य विलक्षण हट्टी, फटकळ आणि कल्पक होता. महायुद्धात त्याच्या बाँबफेकी विमानांची हजारांनी पैदास झाली. १९१८ मध्ये युद्ध थांबले आणि विमानांची मागणी एका रात्रीत आटली. कारखाना उभा, कारागीर उभे, पोलाद व ॲल्युमिनियम गोदामात, म्हणून मोटारी. पण पाटीवर शब्द राहिला तो 'विमाने' हाच : कारखान्याचे नाव 'आव्हियाँ व्वाझँ', म्हणजे व्वाझँची विमाने, आणि आत मात्र मोटारी.

अशा घरात लफेव्र वाढला. व्वाझँला तो गुरू मानीत असे.

आता थोडे शास्त्र. घाबरू नये, सायकलवर समोरून येणाऱ्या वाऱ्यात ज्याने एकदा तरी पाय मारले आहेत त्याला हे शास्त्र पोटऱ्यांतून कळलेले असते. चालणाऱ्या वस्तूला हवा विरोध करते. वेग दुप्पट केला की हा विरोध चौपट होतो. आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगाने सारावयाचा म्हणून शक्ती आठपट लागते. त्या काळचे मोटारकर्ते यावर एकच उपाय जाणत : मोठे एंजिन. विमानकर्त्याला हा उपाय परवडत नाही, कारण मोठे एंजिन म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे जमिनीवरच मुक्काम. म्हणून तो आधी आकार पाहतो.

आकाराविषयी सामान्य समजूत अशी की, वारा कापावयाचा तर पुढचे टोक सुरीसारखे हवे. ही समजूत चुकीची आहे. खरा घोटाळा मागे होतो. वस्तू पुढे निघून गेली की तिच्या पाठीमागे हवेला पुन्हा एकत्र यावे लागते. पाठ जर तुटक आणि रुंद असेल तर तेथे भोवरे उठतात, पोकळी होते, आणि ती पोकळी गाडीला मागे खेचीत राहते. मासळी पाहा. तोंडाकडे ती गोल व भरदार, शेपटीकडे निमुळती. निसर्गाने तिला टोकदार नाक दिले नाही. लांब शेपूट दिले. आयफेल मनोऱ्याचा कर्ता गुस्ताव्ह आयफेल म्हातारपणी वायुप्रवाहाच्या बोगद्यात हेच प्रयोग करीत बसला होता. मोटारींना हे लावण्याची कल्पना एकट्या लफेव्रला सुचली असे आम्ही म्हणणार नाही. बर्लिनमध्ये रुंपलर याने १९२१ मध्ये थेंबाच्या आकाराची मोटार प्रदर्शनात मांडली होती. झेपेलिन विमानांवर काम केलेल्या यारायची पेटंटेही त्याच सुमाराची. विचार हवेत होता. लफेव्रने तो शर्यतीच्या रस्त्यावर आणला, आणि त्याला स्वतःचे एक वळण दिले.

निमित्त भांडणाचे झाले. १९२२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे प्रवासी मोटारींची शर्यत झाली, तीत व्वाझँच्या मोटारी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या आल्या. एवढे यश पचणे कठीण. फ्रान्सच्या मोटार क्लबाने पुढील वर्षासाठी गाडीच्या अंगासंबंधी नवे नियम केले. व्वाझँला वाटले की ते आपल्यालाच अडविण्यासाठी केले आहेत. तो चिडला आणि त्याने जाहीर केले की, आम्ही प्रवासी मोटारींच्या शर्यतीत येतच नाही, थेट वेगाच्या मोठ्या शर्यतीत उतरतो. वेगाच्या शर्यतीसाठी त्याच्याजवळ मोटार नव्हती. काही महिन्यांत ती निर्माण करावयाची होती. हे काम लफेव्रवर आले, वय २८.

त्या गाडीचे नाव ठेवले 'लाबोरात्वार', म्हणजे प्रयोगशाळा. नावात थोडा उद्दामपणा आहे, पण ते खरे होते. त्या काळी मोटार बांधण्याची रीत अशी होती की, आधी पोलादी तुळयांचा एक सांगाडा करावयाचा, त्यावर एंजिन ठेवावयाचे, त्यावर टप्प्यासारखी पेटी चढवावयाची. वजन सांगाड्याने पेलावयाचे, पेटीने फक्त माणसे झाकावयाची. लफेव्रने सांगाडाच काढून टाकला. लाकूड आणि धातूचा पत्रा यांचे कवच असे केले की, ते कवचच भार पेलील. अंड्याला आतून तुळया नसतात. विमानाचे धड असेच बांधतात. शर्यतीच्या रस्त्यावर असे धड प्रथमच आले.

गाडी जमिनीला जवळजवळ चिकटलेली होती. पोट सपाट. पुढे एक लहानसा पंखा लावला होता. तो वाऱ्याने फिरे आणि थंड पाण्याचा पंप चालवी, म्हणजे तेवढीही शक्ती एंजिनातून खर्चावयाची नाही. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट मागे होती. पुढची दोन चाके एकमेकांपासून नेहमीच्या अंतरावर, पण मागची दोन कितीतरी जवळजवळ, आणि तीही कवचाच्या आत घेतलेली. वरून पाहणाऱ्यास गाडी मासळीसारखी दिसावी. शेपटीला निमुळते करावयाचे तर चाके आड येतात. म्हणून चाकेच आत घेतली. साधी गोष्ट वाटते. ती करण्यास मात्र दोनशे वर्षांच्या बग्ग्या विसराव्या लागतात.

येथे त्याचे ते दुसरे वळण दिसते. गाडीचे वजन जितके पुढे तितकी ती सरळ धावते, असे लफेव्रचे म्हणणे. बॅडमिंटनचे फूल आपण पाहिले आहे. हा खेळ एके काळी इंग्रजांत आपल्या पुण्याच्याच नावाने ओळखला जात असे, तेव्हा दाखला घरचाच आहे. ते फूल कसेही मारा, हवेत वळून बुचाची जड बाजू पुढे करते आणि पिसे मागे ठेवून सरळ जाते. बाणाचेही तेच : पोलाद पुढे, पीस मागे. पिसे पुढे करून बाण सोडणारा धनुर्धर अजून जन्मावयाचा आहे. पण वजन मागे टाकून मोटारी करणारे कारखानदार तेव्हा होते आणि नंतरही झाले.

आता शर्यत. सार्वजनिक रस्त्यांवर आखलेले सुमारे २३ किलोमीटरांचे वर्तुळ, त्याच्या ३५ फेऱ्या, म्हणजे ८०० किलोमीटरांच्या आतबाहेर अंतर. एंजिन सर्वांना दोन लिटरांचेच. पण एका मापाच्या एंजिनांतही शक्ती सारखी नसते. इटलीच्या फियाटने एंजिनात हवा कोंबणारा पंप बसवून सुमारे १३० अश्वशक्ती काढली होती. इंग्रजांच्या सनबीमची शंभराहून अधिक होती. व्वाझँचे एंजिन झडपांऐवजी सरकत्या नळ्यांचे, आवाजाला मऊ, श्रीमंतांच्या गाडीला शोभेसे. त्यातून कशीबशी ८० च्या आसपास शक्ती निघे. म्हणजे प्रतिस्पर्धी दीड पावलांनी जात असता याला एका पावलात गाठावयाचे होते, केवळ वारा कमी लागतो या भांडवलावर.

त्या दिवशी तूरला विक्षिप्त आकाराची आणखी एक जात आली होती. एत्तोरे ब्युगात्ती याने आपल्या मोटारींना विमानाच्या पंखाच्या छेदाचा आकार दिला होता. लोकांनी त्यांना 'रणगाडे' म्हटले. पंखाचा गुण उचलण्याचा. रस्त्यावरील गाडीला तो गुण नको असतो, हे तेव्हा पुरते उमगले नव्हते. तरी त्यांतील एक तिसरी आली.

फियाट सुरुवातीस सर्वांच्या पुढे गेल्या आणि एकामागून एक तिन्ही बंद पडल्या. त्यांच्या पंपांनी हवेबरोबर रस्त्याची धूळखडीही गिळली. इंग्रज सेग्रेव्ह सनबीममध्ये ६ तास ३५ मिनिटांत पहिला आला. व्वाझँच्या चार मोटारींपैकी तीन वाटेतच थांबल्या. चौथीत लफेव्र स्वतः बसला होता. तो ७ तास ५० मिनिटे चालवीत राहिला.

येथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. अभियंते कागदावर रेघा मारतात आणि त्या रेघांवर दुसऱ्यांचे प्राण टांगतात, ही जगाची रीत आहे. येथे रेघा मारणारा स्वतः त्या कवचात जमिनीपासून वीतभर उंचीवर पावणेआठ तास बसला होता, आणि आपला हिशेब कोठे खरा व कोठे खोटा हे त्याच्या हाडांना कळत होते. आकार खोटा नव्हता. शक्ती पुरत नव्हती. पण शर्यतीच्या निकालात असे दोन रकाने नसतात. तेथे एकच आकडा असतो, आणि तो ५ होता.

त्या मोटारींचा वंश वाढला नाही, आणि मूळच्या चारांपैकी एकही उरली नाही. आज जी दिसते ती पुष्कळ वर्षांनी जुन्या छायाचित्रांवरून केलेली प्रतिकृती आहे.

पुढील काही वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. व्वाझँच्या गाड्या महाग, देखण्या आणि थोड्या होत्या. मोंलेरीच्या गोल मार्गावर लफेव्रच्या देखरेखीखालील गाड्यांनी दीर्घ अंतराचे विक्रम केले. पण १९२९ च्या मंदीनंतर अशा गाड्यांना गिऱ्हाईक राहिले नाही, आणि १९३१ मध्ये व्वाझँला आपल्या उत्तम शिष्याला पगार देणे कठीण झाले. लफेव्र लुई रनो याच्या प्रचंड कारखान्यात गेला. तेथे त्याने आपला विचार मांडला : एंजिन पुढे, वजन पुढे, आणि चालनाही पुढच्याच चाकांना. रनोने नकार दिला. रनो हा कर्तबगार कारखानदार होता यात शंका नाही. पण त्याची कर्तबगारी जे चालते आहे ते अधिक संख्येने करण्याची होती. दोन वर्षे लफेव्रने तेथे काढली.

पुढच्या चाकांना चालना, हे म्हणजे काय? आपल्याकडे हे सांगण्यास आकृतीची गरज नाही. बैल गाडी ढकलीत नाही, ओढतो. मागून ढकललेली गाडी वळणावर तोंड फिरवते, ओढलेली मुकाट्याने मागे येते. ही कल्पनाही लफेव्रची एकट्याची नव्हे. ग्रेग्वार याच्या पुढून ओढल्या जाणाऱ्या त्राक्ता मोटारी १९२७ मध्ये ल माँच्या शर्यतीत धावल्या होत्या. पण तशी मोटार हजारांनी, लाखांनी काढावयाची, आणि ती सामान्य कारकुनाने व डॉक्टराने चालवावयाची, ही गोष्ट निराळी. त्यासाठी जुगारी वृत्तीचा धनी हवा होता. तो भेटला. व्वाझँनेच शिफारस करून १९३३ च्या मार्चमध्ये लफेव्रला आंद्रे सित्रोएन याच्याकडे पाठवले.

सित्रोएन जुगारी होता हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. तो खेळाच्या टेबलावरही बसत असे. आयफेल मनोऱ्यावर विजेच्या दिव्यांनी स्वतःचे नाव त्याने १९२५ पासून लावून ठेवले होते. १९३३ मध्ये त्याने पॅरिसमधील आपला जुना कारखाना पाडून काही महिन्यांत नवा उभारला, आणि त्या नव्या कारखान्यात एक अशी मोटार काढावयाची ठरवली की जिच्यातील जवळजवळ प्रत्येक अवयव नवा असेल. मुदत एक वर्ष. एप्रिल १९३४ मध्ये ती लोकांपुढे आली. लोकांनी तिला 'त्राक्स्याँ आव्हाँ', म्हणजे 'पुढून ओढणारी', असेच नाव ठेवले.

तिच्या पोटात वाकून पाहिले तर तूरची मोटार दिसते. तुळयांचा सांगाडा नाही. पोलादाचे कवचच भार पेलते. गाडी इतकी खाली आली की चढण्यासाठी पायरी लागेना. एंजिन आणि चालना पुढे. पण तीत इतरांचाही हात होता, आणि तो झाकून ठेवणे आम्हांला पसंत नाही. एंजिन सँतुरा याचे. चाकांना झोके देणाऱ्या, पीळ घेणाऱ्या पोलादी सळया झ्युलियँ याच्या. आणि तिचा तो डौलदार देह फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने मेणमातीत घडवला. लफेव्रकडे होते ते या सर्वांना एका विचारात बांधण्याचे काम.

आणि घाईने काय होते तेही येथे पाहावे. ज्या स्वयंचलित गिअरपेटीवर भरवसा ठेवला होता ती अखेरच्या घटकेस टाकून द्यावी लागली. पुढच्या चाकांना शक्ती पोचविणारे सांधे रस्त्यावर मोडू लागले. गिऱ्हाइके संतापली, विक्रेते संतापले, सावकार उंबऱ्यात येऊन बसले. १९३४ च्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले आणि ती तिच्या सर्वांत मोठ्या सावकाराच्या, टायरवाल्या मिशलँ यांच्या, ताब्यात गेली. आंद्रे सित्रोएन ३ जुलै १९३५ रोजी कर्करोगाने वारला. ज्या गाडीने त्याला बुडवले ती पुढे १९५७ पर्यंत, सात लाखांहून अधिक संख्येने निघाली. १९३५ च्या जुलैपासून एका वर्षात फ्रान्स्वा लको नावाच्या खाणावळवाल्याने तीच गाडी रोज हाकून ४ लाख किलोमीटर पुरे केले. सित्रोएनने ते पाहिले नाही.

या दिवाळ्याचा दोष लफेव्रच्या माथी किती येतो? आमच्या मते थोडा येतो. परिपूर्ण कल्पनेपुढे वेळेचा हिशेब न धरणे हा त्याचा स्वभाव होता, आणि एका वर्षात सर्वच नवे करा म्हणणाऱ्या धन्याला 'हे होणार नाही' असे सांगणारा कोणी जवळ नव्हता. गुरूही तसाच, शिष्यही तसाच, धनीही तसाच. असे तिघे एकत्र आले की मोठी गोष्ट घडते, आणि कोणाचे तरी घर जाते.

मिशलँकडून आलेला नवा कारभारी प्येर बूलांजे हा निराळ्याच धातूचा. त्याने लफेव्रला हुकूम दिला तो शेतकऱ्याच्या गाडीचा : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने नेईल, नांगरटीतून हाकली तरी टोपलीतील अंडी फुटणार नाहीत. वारा कापण्याचा येथे प्रश्न नव्हता. पण वजन कमी करण्याचा होता, आणि वजनाच्या बाबतीत विमानवाल्याला उपदेश लागत नाही. १९३९ मध्ये अडीचशे गाड्या तयार झाल्या, एकाच दिव्याच्या. तोच युद्ध आले. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून त्या मोडल्या वा दडविल्या. १९४८ च्या ऑक्टोबरात ती गाडी 'दोन घोड्यांची' या नावाने प्रकट झाली तेव्हा वृत्तपत्रांनी टवाळी केली. १९९० पर्यंत ती निघत होती. संख्या ३८ लाखांच्या वर.

युद्धानंतर मोठ्या गाडीचे काम सुरू झाले. १९५० मध्ये बूलांजे मोटार-अपघातात मरण पावला. काम थांबले नाही. लफेव्र पन्नाशी उलटलेला, आणि आता प्रथमच त्याला वेळ मिळाला होता. तेल आणि दाबलेला वायू यांवर तरंगणारी बैठक पॉल माजेस या मोठ्या पदव्या नसलेल्या यंत्रज्ञाने सिद्ध केली. देह पुन्हा बेर्तोनीचा. ६ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनाची दारे उघडली आणि लोकांनी जी वस्तू पाहिली तिचे नाव 'देएस'. ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये उच्चारली की 'देवी' हा शब्द ऐकू येतो. नाक गोल व खाली झुकलेले, समोर जाळी नाही, हवा आत जाते ती खालून. पोट सपाट. छप्पर हलक्या काचतंतूचे, वजन वर राहू नये म्हणून. पाठ निमुळती.

आणि मागची चाके. पुढच्या चाकांतील अंतर दीड मीटर. मागच्यांतील एक मीटर तीस. वीस सेंटिमीटर कमी. मागची चाके पत्र्याआड अर्धी झाकलेली. प्रदर्शनातील गर्दीत तूरची ती हरलेली मोटार कितीजणांना आठवली असेल, कोण जाणे. एक जुने दुखणेही बरोबर आले होते : या गाडीसाठी नवे एंजिन करावयाचे राहून गेले, त्राक्स्याँचेच एंजिन सुधारून बसवावे लागले. शक्ती ७५ अश्वांची. म्हणजे १९२३ ला जेवढी अपुरी होती तेवढीच आताही! पण आता त्याच शक्तीवर पाच माणसे सामानासुमानासह ताशी १४० किलोमीटर वेगाने जात होती, आणि पावणेआठ तासांनी त्यांची हाडे दुखत नव्हती. पहिल्या गाड्यांतून तेल गळे, आणि रस्त्याकडेला पोटावर बसलेल्या देवी दिसत. ते दोष दूर व्हावयास काळ लागला.

१९५७ मध्ये रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने या गाडीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. मध्ययुगातील गॉथिक देवळांशी त्याने तिची तुलना केली : अनाम कारागिरांनी रचलेली आणि साऱ्या लोकांनी आपली मानलेली. तुलना सुंदर आहे. आमची तिच्याशी तक्रार एवढीच की, हा कारागीर अनाम नव्हता. त्याला नाव होते, हजेरीपट होता, पगार होता. देवळाच्या पाथरवटाचे नाव काळाने पुसले; याचे नाव कारखान्याने पाटीवर लावले नाही. पाटीवर एकच आडनाव होते, आणि त्या आडनावाचा मनुष्य वीस वर्षांपूर्वी वारला होता. तो निबंध छापून आला त्या सुमारास लफेव्रला अर्धांगवायूने गाठले होते. १९५८ मध्ये तो कामावरून निवृत्त झाला.

त्याआधी त्याने एक गाडी मात्र कोणाच्याही मागणीची पर्वा न करता केली. सित्रोएनच्या संग्रहात ती आहे. पाण्याच्या थेंबासारखी, वजन ४०० किलोंच्याही आत, काचेच्या घुमटाखाली माणसे, पुढची चाके रुंद आणि मागची अगदी जवळजवळ. कारखान्याने ती विकावयास काढली नाही. आमच्या मते लाबोरात्वारची खरी धाकटी बहीण हीच. देवी ही तिची व्यवहारात पडलेली नातलग.

२२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसबाहेर पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर मारेकऱ्यांनी शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. गाडी देएस होती. दोन टायर फुटले, काच फुटली. गाडी भरकटली नाही, सरळ निघून गेली. वजन पुढे, पीस मागे. गाडीत बसलेले चौघेही वाचले. लफेव्र तेव्हा हयात होता. ४ मे १९६४ रोजी तो वारला, वय ६९.

गुरू शिष्याहून अधिक जगला. गाब्रिएल व्वाझँने म्हातारपणी आपल्या विमानांच्या आणि मोटारींच्या आठवणी दोन पुस्तकांत लिहिल्या, आणि १९७३ च्या नाताळच्या दिवशी ९३ वर्षांचा होऊन त्याने देह ठेवला. त्या दिवशीही पॅरिसच्या कारखान्यात देएस निघत होती. आणखी सव्वा वर्षाने ती बंद झाली, तेव्हा संख्या साडेचौदा लाखांपर्यंत गेली होती. मागची चाके पुढच्यांहून शेवटपर्यंत वीस सेंटिमीटरांनी जवळच होती.